वाढ्याचा माग

बाईंनी माझ्याशी ओळख करून घेण्याआधी माझ्या चपलेशी करून घेतली.

शाळेत रुजू व्हायचा माझा पहिला दिवस. नवा शर्ट, हातात नेमणुकीचा कागद, चेहऱ्यावर जमेल तेवढा गंभीरपणा. फाटकातून आत शिरलो तर मैदानाच्या मधोमध एक धिप्पाड बाई उकिडव्या बसलेल्या, गळ्यात निळा स्कार्फ, स्कार्फावर लोंबणारी शिट्टी आणि भोवती पोरापोरींचं कोंडाळं. मी जवळ जाऊन नमस्कार करणार, तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे न बघताच हात वर केला.

"थांबा. हलू नका."

मी थांबलो. सगळं कोंडाळं उठून माझ्या मागे गेलं आणि धुळीत उमटलेल्या माझ्या पावलांवर वाकलं.

"सांगा, कोण आलंय?" बाईंनी विचारलं.

"गावातलं न्हाई," एक दोन वेण्यांची मुलगी म्हणाली. "चप्पल कोरी हाय."

"अजून?"

"घाईत हाय. टाच नीट टेकलीच न्हाई."

"अजून?"

"भ्यालंय," मागून एक बारका आवाज आला. "फाटकापाशी दोनदा थांबून मागं वळलंय."

बाईंचा चेहरा असा काही खुलला की माझी लाज बाजूलाच राहिली. तेव्हा कुठे त्यांनी वर मान करून माझं तोंड बघितलं. "या मास्तर. पोरांनी बरोबर वळखलं का न्हाई तेवढं सांगा. आन भिऊ नका, हितं समदे भ्यालेलेच येत्यात."

पोरांनी बरोबर ओळखलं होतं. मी खरोखर दोनदा थांबलो होतो.

शाळा कोपरगाव तालुक्यातली, गोदावरीच्या काठची, चौथीपर्यंतची. हंगामात उसाच्या गाड्या शाळेच्या भिंतीला घासून जायच्या आणि गुऱ्हाळाला लागून वर्ग असल्यासारखा गोड वास दिवसभर नाकात असायचा. मोठ्या शाळांत स्काऊट असतात, तशी प्राथमिकच्या पोरांची कब आणि पोरींची बुलबुल. कागदोपत्री ही दोन पथकं वेगळी. बाईंनी ती कधीच वेगळी ठेवली नाहीत. तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा त्यांना हटकलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "साहेब, उद्या एखादी पोरगी हरवली तर तिला काय निस्त्या पोरींनीच हुडकायचं?" साहेबांनी चहा संपवला आणि पुढच्या शाळेला निघून गेले.

मला त्यांचा मदतनीस नेमलं. का, तर मी नवा होतो आणि नाही म्हणायला अजून शिकलो नव्हतो. पहिला महिनाभर मी मनातून वैतागलो होतो. डी.एड. करून मी भाषा आणि गणित शिकवायला आलो होतो, आणि इथे शनिवारी सकाळी पोरांसोबत गुडघे धुळीत टेकून मुंग्यांच्या रांगेमागे सरपटत जायचं. पण खरं सांगतो, दुसऱ्या महिन्यात मी शुक्रवारी रात्रीच शनिवारची चप्पल काढून ठेवायला लागलो.

बाईंच्या पर्समध्ये पैसे नसतील, पण सुतळीची गुंडी असायचीच. त्या दिसेल त्याला दोरी लावायच्या. खिडकीचं निसटलेलं दार, फुटक्या बादलीची कडी, फळ्याचा पाय, सगळं त्यांच्या गाठींवर उभं होतं. मधल्या सुट्टीत पोरांचे डबे त्या गोळा करायच्या आणि एकेक डबा वेगळ्या गाठीने बांधून परत द्यायच्या. सुटली गाठ तर खा. पहिल्या आठवड्यात रडारड झाली. नंतर पोरं अशी तयार झाली की बाई पाठ फिरवेपर्यंत डबे उघडे. एकदा बाईंनी माझाही डबा बांधला. घंटा झाली तरी माझी गाठ सुटेना, शेवटी दुसरीतल्या एका मुलाला दया आली. त्याने एका बोटाने दोरी सरकवली, डबा उघडा करून दिला आणि जाता जाता सांगून गेला, "सर, वढायचं न्हाई. ढकलायचं."

कबच्या वचनात रोज एक चांगलं काम करायचं असतं. पोरं सकाळी स्कार्फाच्या टोकाला गाठ मारून येत आणि काम झालं की ती सोडत. बाई पदराला मारायच्या. एका संध्याकाळी कोपरगावच्या स्टँडवर आम्ही गावाच्या गाडीची वाट बघत होतो आणि बाईंच्या पदराची गाठ तशीच होती. त्या बेचैन. इकडे बघ, तिकडे बघ, कुणाला काही मदत हवीय का. कुणालाच नको होती. गाडी लागली, आम्ही बसलो, गाडी हलली आणि बाईंना खिडकीतून एक मोटारसायकलवाला दिसला, मागे लादलेला घासाचा भारा एका बाजूला कलंडलेला. "कंडक्टर, थांबवा," म्हणत त्या खाली उतरल्यासुद्धा. गाडी काय त्यांच्यासाठी थांबून राहणार. मी घरी पोहोचल्यावर बऱ्याच वेळाने रस्त्यावरून आरोळी आली. बघतो तर बाई त्याच मोटारसायकलवर, त्याच हिरव्यागार भाऱ्यावर बसून आलेल्या. भारा मात्र काटेकोर बांधलेला. पदराचं टोक हलवून दाखवत म्हणाल्या, "सुटली बघा."

टाळ्या वाजवायच्या तर साध्या नाहीत. कढईतल्या भज्यांची टाळी हा त्यांचा खास प्रकार. आधी तळहात चोळून पीठ कालवायचं, मग एकेक भजं तेलात सोडल्यासारखी बोटं झटकायची, तोंडाने चर्र आवाज काढायचा, आणि भजी फुगली की एकच कडकडाट. शिक्षकांच्या मासिक बैठकीत वेळापत्रक मंजूर झालं की बाई ही टाळी सुरू करायच्या आणि सगळ्या तालेवार गुरुजनांना भजी तळावी लागायची. आमचे मुख्याध्यापक सज्जन माणूस. भांडण दिसलं की त्यांना अचानक टपाल आठवायचं. पण भजी तळताना त्यांचाही चेहरा आठ वर्षांच्या पोरासारखा व्हायचा.

भांडण मात्र एक दिवस आलंच, आणि ते आलं डाव्या हातामुळे.

स्काऊट आणि कब डाव्या हाताने हात मिळवतात. डावा हात काळजाच्या बाजूचा, म्हणून. बाईंनी पोरांना हे इतकं भिनवलं होतं की पोरं घरी आलेल्या पाव्हण्यांनाही डावाच हात पुढे करत आणि आईचा धपाटा खात. त्या वर्षी झेंडावंदनाला शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष आले. गावातले मोठे बागायतदार, पांढरी गाडी, पांढरे कपडे. पथक रांगेत उभं होतं. अध्यक्ष पहिल्या पोरापुढे आले, त्याने ऐटीत डावा हात पुढे केला. दुसऱ्यानेही डावा. तिसरा खुद्द त्यांचा मुलगा स्वराज, त्यानेही डावाच. अध्यक्षांनी आपला हात मागे घेतला आणि सगळ्या गावादेखत विचारलं, "ह्यो कुठला मान म्हनायचा, बाई?"

बाईंनी समजावून सांगितलं. ऐकायच्या मनःस्थितीत ते नव्हते. पुढच्याच आठवड्यात समितीत विषय आला, की कब बंद करावं आणि शनिवारच्या त्या तासांना शिष्यवृत्तीचा जादा वर्ग घ्यावा. निर्णय पालकसभेत हात वर करून होणार होता.

बाई त्या दिवशी एकही गाठ न मारता बसून होत्या. त्यांना निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली होती. मूलबाळ नव्हतं, यजमान फार पूर्वी गेले होते. शनिवार गेला तर त्यांच्या आठवड्यात काय उरणार होतं ते मला दिसत होतं. मी म्हणालो, "बाई, आपण पालकांना माहितीचा तक्ता करून दाखवू. काय काय शिकतात ते."

"तक्ता?" त्या माझ्याकडे बघत राहिल्या. हळूहळू त्यांच्या डोळ्यांत ती नेहमीची चमक आली. "न्हाई मास्तर. त्यांनाच कब करू."

पालकसभेला माणसं भरपूर आली. अध्यक्षांनी सरळ विषयाला हात घातला. "आवो बाई, दुसऱ्या शाळांची पोरं शिष्यवृत्तीत झळकत्यात. आपली पोरं काय करत्यात? गाठी मारत्यात. दोऱ्या वळाया शाळेत घातलीत का आमी?"

"बरोबर हाय तुमचं," बाई म्हणाल्या. सगळे चमकले, मी सगळ्यात जास्त. "फकस्त हात वर करायच्या आधी एक खेळ खेळा. तुमच्याच पोरांनी हितून नदीवरच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीपतूर माग घातलाय. बाण दिसंल तिकडं वळायचं, फुली दिसंल तिकडं जायचं न्हाई. खोलीपाशी पोहे-चहा ठिवलाय. पोहे खा आन मग खुशाल बंद करा."

पोह्यांचं नाव निघाल्यावर सभेत जान आली. बाईंनी एक कापडी पिशवी फिरवली आणि सगळ्यांचे मोबाईल तिच्यात टाकायला लावले. "कबकडं मोबाईल नसतोय," एवढंच कारण. पालकांना घेऊन मी निघायचं, पोरं पुढे खोलीपाशी थांबणार, सोबतीला बाई आणि शाळेच्या खिचडीवाल्या मावशी. मुख्याध्यापकांना टपाल आठवलं, ते नंतर मोटारसायकलने येणार होते.

माग वाढ्याचा होता. वाढं म्हणजे तोडलेल्या उसाचे हिरवे शेंडे. हंगामात ते रस्त्याकडेला कुठेही पडलेले असतात. आदल्या दिवशी पोरं म्हणत होती की बाण दगडांचे करू. बाई जाता जाता म्हणाल्या, "दगुड कशाला वाहता, वाढं पडलंय की." मलाही ते सोयीचं वाटलं.

आणि काय सांगू, सुरुवातीला काय धमाल आली! गल्लीच्या तोंडाशी पहिला हिरवा बाण दिसला तसं एक आजोबा काठी आपटत धावले. बायकांनी पदर खोचले. "ह्यो बगा दुसरा," "आगं फुली हाय, माघारी फिर," असा कल्ला. रोज त्याच रस्त्याने येणारी-जाणारी ही माणसं त्या दिवशी पहिल्यांदाच खाली वाकून रस्ता बघत होती. अध्यक्ष मागून सावकाश, हसू दाबत येत होते.

मग कारखान्याचा रस्ता लागला आणि बाण संपले. रस्त्यावर उसाने भरलेल्या बैलगाड्यांची रांग. आम्ही पुढे गेलो, मागे आलो, बाण नाही, फुली नाही. पालक माझ्याकडे बघायला लागले. मी बैलांकडे बघत होतो आणि बैल शांतपणे रवंथ करत होते.

"आता मी दावतो," अध्यक्ष पुढे झाले. "ह्यो समदा आपलाच ऊस हाय. मधून गेलं की सरळ मोटारीची खोली."

ऊस त्यांचा होता हे खरं, पण ते त्यात कधी शिरले होते कोण जाणे. डोक्याच्या दुप्पट उंच, मध्येच आडवा पडलेला, एकात एक गुंतलेला. थोडं चाललो आणि वाट मिटली. पानं हातांना, गालांना कापत होती. मागे वळलो तर मागेही तसंच. डावीकडे तसंच, उजवीकडे तसंच. जो तो हाका मारायला लागला आणि जिकडून हाक येईल तिकडे दुसरा धावायला लागला. एवढ्यात अगदी जवळ, एक-दोन सरी सोडून पलीकडे, वाळक्या पानांचं पाचट करकरलं.

"बिबट्या," अध्यक्ष हलक्या आवाजात म्हणाले.

हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. आमच्याकडे उसात बिबट्या असतो हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. सगळे एकमेकांना चिकटून उभे राहिले. एक आई माझा दंड घट्ट धरून होती. मला तेव्हा कळलं की या माणसांना आणणारा मी आहे आणि मला इथून बाहेर पडता येत नाही.

तिकडे काय झालं ते मला नंतर श्रावणीने सांगितलं. ही ती पहिल्या दिवशीची दोन वेण्यांची मुलगी, आता एका षटकाची नायक, म्हणजे सहा जणांच्या टोळीची पुढारी. पोह्यांना वाफ आली तरी पालक येईनात. पोरं बाईंना शोधायला लागली तर बाईही जागेवर नाहीत. मावशींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मला काय माहीत? माझं पोहं करपंल. तुमीच बगा." मग पोरांनीच ठरवलं. माग उलटा काढत ती कारखान्याच्या रस्त्यापर्यंत आली. तिथे बाणाच्या जागी अर्धवट चघळलेला एक शेंडा आणि शेजारी शेण. श्रावणी म्हणाली, "बैलानं बाण खाल्ला."

मग सगळी खाली वाकली. धुळीत पावलांची ही गर्दी. पण प्रत्येक शनिवारी त्यांनी चपलांचे ठसे ओळखायचा खेळ खेळला होता, आणि घरच्या चपला तर पाठच. "ही माझ्या आईची स्लीपर." "ही सरांची." आणि स्वराज एका ठशावर बोट ठेवून म्हणाला, "हे पप्पा. समद्यात पुढं हायती." ठसे उसात शिरलेले दिसले. पोरं शिरली नाहीत. उसात शिरायचं नाही हा बाईंचा नियम. ती बांधावर चारी बाजूंना पांगली, आणि शिट्ट्या सगळ्यांच्या गळ्यात असल्या तरी वाजवायची फक्त एकानेच असं ठरलं.

आत आम्हाला एक लांब शिट्टी ऐकू आली. थांबली. पुन्हा तिथूनच एक लांब शिट्टी. दुसरा कसलाच आवाज नाही.

"पोरं हायती," माझा दंड धरलेली आई म्हणाली आणि रडायलाच लागली. आम्ही हाका बंद केल्या. शिट्टी वाजली की त्या बाजूला चालायचं, थांबली की थांबायचं. ऊस बाजूला सारत, ठेचकाळत निघालो. पुढे उजेड दिसला. मी त्या उजेडात बाहेर पाऊल टाकलं तेव्हाचा आनंद मला आज लिहितानाही आवरत नाही. बांधावर शिट्टी तोंडात धरून स्वराज उभा होता, गाल फुगलेले, तोंड लालबुंद.

सगळ्यात शेवटी अध्यक्ष आले. कपड्यांचा पांढरा रंग गेलेला, एक पाय अनवाणी. दुसरी चप्पल ओल्या सरीत रुतून राहिली होती. बांध आणि त्यांच्यामध्ये पाण्याची चारी होती. स्वराजच्या उजव्या हातात शिट्टी, म्हणून त्याने डावा हात पुढे केला. अध्यक्षांनी त्या हाताकडे बघितलं आणि तो घट्ट धरून ते चारी ओलांडून आले. आल्यावरही त्यांनी हात सोडला नाही.

"पप्पा, तुमची चप्पल भाएरच्या बाजूनं झिजलीय," स्वराज म्हणाला. "तिच्यावरनंच घावला तुमी."

खोलीपाशी पोचलो तर बाई पातेल्यात झारा फिरवत होत्या. पदराला पाचटाची कुसळं चिकटली होती. मला वाटलं, चुलीला सरपण गोळा केलं असेल. मुख्याध्यापक मोटारसायकलवरून उतरले, बशी हातात घेतली आणि चाचरत म्हणाले, "तर मग, शनिवारच्या तासाचं मतदान..."

"मतदान कशाचं?" अध्यक्ष घास गिळत म्हणाले. "शिष्यवृत्तीचं शुक्रवारी घ्या. शनिवारला हात लावू नका." मग जरा थांबून, अनवाणी पाय मागे घेत, "आन बाई, ते ठशाचं काय असतंय ते मला बी दावा एकदा."

नदीकाठी अख्ख्या गावाने मिळून भजी तळली.

बाई निवृत्त झाल्या आणि श्रीरामपूरला बहिणीकडे राहायला गेल्या. पथक आता माझ्याकडे आहे. मागच्या सुट्टीत त्यांना भेटायला गेलो. अंगणातल्या मातीत माझं पाऊल बघूनच दारातून आवाज आला, "या मास्तर. टाच टेकाया लागली की आता." चहा झाला. जुन्या गोष्टी निघाल्या, बैलांनी बाण खाल्ल्याची गोष्ट निघाली. मी हसत हसत म्हणालो, "बाई, तेव्हा दगडांचा माग घातला असता तर काही झालंच नसतं."

बाई हसल्या नाहीत. बशीच्या काठावरून माझ्याकडे बघत राहिल्या.

"मास्तर, मी पाथर्डीकडच्या ऊसतोड्याची लेक. बैलाच्या म्होरं वाढं टाकल्यावर बैल काय करतोय, हे मला ठावं नसंल व्हय?"

मी कप खाली ठेवला.

"आन तो बिबट्या मीच हुते," त्या म्हणाल्या. "दोन सरी सोडून तुमच्या संगंच चालले समदा येळ. एकाला बी खरचटू दिलं नसतं."

मी काही बोलायच्या आत त्या पुढे बोलायला लागल्या. आवाज खाली आला होता. त्या पोरांएवढ्या असताना, आईबाप तोडीवर असताना, सशामागे धावत त्या उभ्या उसात शिरल्या होत्या आणि हरवल्या होत्या. बाहेरून सगळी टोळी चारी बाजूंनी हाका मारत होती. त्या एका हाकेकडे धावायच्या, की मागून दुसरी. धावून धावून शेवटी खाली बसल्या. मग कुणाला तरी सुचलं. सगळ्यांना गप्प केलं आणि एकट्या आईने एका जागी उभं राहून हाक मारायची असं ठरलं.

"त्या एका आवाजाकडं चालत गेले, मास्तर. ते घावणं काय असतंय, ते तक्त्यावर लिवून कळत न्हाई." बाईंनी कप खाली ठेवला. "म्हनून म्हटलं, एकदा त्या लोकांना बी आतनं शिट्टी ऐकू द्यावी."

मी उठलो. त्यांनी डावा हात पुढे केला, मी माझा डावा दिला.

यंदा शाळेत नवी समिती आली आहे आणि शनिवारच्या तासाबद्दल पुन्हा कुजबुज सुरू झाली आहे. पुढच्या आठवड्यात पालकसभा आहे. काल पोरं विचारत होती की बाण कशाचे करायचे. मी म्हणालो, "दगड कशाला वाहता? वाढं पडलंय की."